हुशारी आणि अनुमानातला पक्षपात

बुद्धी मोजण्याची पहिली व्यवहार्य कसोटी तयार करणारे आल्फ्रेड बिने त्याच्या वीस वर्षे आधी स्वतःच्याच एका अनुमानात सपशेल फसले होते. १८८०च्या दशकात ते पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांच्या विभागात काम करत होते. हिस्टेरियाच्या रुग्णांना संमोहित करून त्यांनी आणि शार्ल फेरे यांनी लोहचुंबकाचे प्रयोग केले. चुंबक जवळ नेला की शरीराच्या एका बाजूचे लक्षण दुसऱ्या बाजूला सरकते, इतकेच काय, मनातली भावनाही उलटते, असे दोघांनी जाहीर केले. हा प्रकार पाहायला लिएजचे प्राध्यापक जोसेफ देलबफ पॅरिसला आले. चुंबक उघडउघड हलवला जात होता आणि पुढे काय घडायला हवे याची चर्चा रुग्णासमोरच चालली होती, हे त्यांच्या लगेच लक्षात आले. रुग्ण प्रतिसाद देत होते ते प्रयोगकर्त्यांच्या अपेक्षेला. बिने यांनी आधी जोराने प्रतिवाद केला, आपल्या बाजूची कारणे मांडली, आणि काही वर्षांनी चूक मान्य केली. हा वाद पेटलेला असतानाच, १८८६ मध्ये, त्यांचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचा विषय होता अनुमानाचे मानसशास्त्र.

तल्लख माणूस अनुमान करताना कमी फसतो का, की फसण्याची त्याची रीत तेवढी वेगळी असते? या प्रश्नाचा इतिहास बिने यांच्या या चुकीपासून सांगणे योग्य आहे, कारण बुद्धिमापन आणि अनुमानाचा अभ्यास या दोन विद्या त्या एका माणसाच्या कामात एकत्र होत्या. पुढे त्या दुरावल्या आणि पुन्हा भेटायला शंभरेक वर्षे लागली.

त्याआधी हा प्रश्न कोणी प्रश्न म्हणून विचारलाच नव्हता. अॅरिस्टॉटलने दोन आधारविधानांवरून तिसरे विधान काढण्याची त्रिपदी रचना बांधून दिली आणि वादात आढळणाऱ्या तेरा तर्कदोषांची यादी केली. पण दोष कोणाकडून जास्त घडतात, हे पाहणे तर्कशास्त्राचे काम नव्हते. १६२० मध्ये फ्रान्सिस बेकनने मात्र एक नेमके निरीक्षण नोंदवले. एखादे मत एकदा मनाने स्वीकारले की मन बाकी सगळे त्याच्या पुष्टीसाठी ओढून आणते आणि विरुद्ध उदाहरणांकडे काणाडोळा करते. हा दोष त्याने अख्ख्या मनुष्यजातीच्या खाती टाकला, केवळ मंदबुद्धींच्या नाही. मोजमापाची साधने हाती नसताना केलेले हे विधान आजही फारसे बदलावे लागत नाही. एकोणिसाव्या शतकाचा सूर वेगळा होता. १८५४ मध्ये जॉर्ज बूल यांनी आपल्या तर्कगणिताच्या ग्रंथाला विचारांच्या नियमांचे नाव दिले. तर्काचे नियम हेच निरोगी मनाचे नियम, आणि चूक झाली तर ती दुर्लक्षामुळे किंवा कमकुवत बुद्धीमुळे, ही समजूत त्या काळी रूढ होती.

चुंबकाच्या प्रकरणाने बिने यांना सूचनेच्या प्रभावाचा धडा शिकवला. १९०० मध्ये त्यांनी सूचनावशतेवर अख्खा ग्रंथ लिहिला. शाळेतली मुले प्रयोगकर्त्याच्या नुसत्या प्रश्नाने आणि सुराने कशी वाहवत जातात, याचे प्रयोग त्यात आहेत. पाच वर्षांनी, १९०५ मध्ये, तेओदोर सिमोन यांच्याबरोबर त्यांनी तीस प्रश्नांची बुद्धिमापन श्रेणी प्रसिद्ध केली. तिच्या पुढच्या आवृत्त्यांत विसंगती ओळखण्याचे प्रश्न आले: सायकलवरून पडून डोके फुटलेला माणूस जागच्या जागी मेला, त्याला दवाखान्यात नेले आहे आणि तो बरा होईल की नाही याची शंका वाटते. यात काय खटकते, ते मुलाने सांगायचे. इथे व्यवहारज्ञान मुलाच्या मदतीला येते, कारण जगाविषयी त्याला जे ठाऊक असते तेच त्याला उत्तराकडे नेते. आपल्याला ठाऊक असलेले बाजूला ठेवून विचार करायला लावणारा प्रश्न या श्रेणीत जवळजवळ नव्हता. पुढच्या शंभर वर्षांतल्या बहुतेक बुद्धिमापन कसोट्यांनी ही उणीव वारशाने घेतली. बिने-सिमोन श्रेणी अमेरिकेत स्टॅनफर्डला पोचली आणि तिथल्या आवृत्तीवरून व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी श्रेणी बांधली. भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचे त्यांचे पुस्तक १९४० मध्ये निघाले, आणि बिने-कामत कसोटी अनेक दशके मराठी मुलांच्या बुद्ध्यंकासाठी वापरली गेली.

अनुमानाचे प्रश्न आणि बुद्धी यांची गाठ घट्ट बांधली ती लंडनच्या सिरिल बर्ट यांनी. १९१९ मध्ये त्यांनी शाळकरी मुलांसाठी अनुमानाच्या कसोट्या प्रसिद्ध केल्या. तीन मुलींपैकी दोन-दोघींच्या केसांच्या रंगाची तुलना सांगायची आणि सर्वांत गडद केस कोणाचे, ते विचारायचे, या धर्तीचे प्रश्न त्यात होते. या कसोट्या पॅरिसच्या मुलांसाठी प्रमाणित करण्याचे काम सिमोन यांनी एका तरुण स्विस संशोधकाकडे सोपवले. तो तरुण म्हणजे झाँ पियाजे. गुण मोजता मोजता त्यांना बरोबर उत्तरांपेक्षा चुकीची उत्तरे जास्त बोलकी वाटू लागली. एकाच वयाची मुले एकाच प्रकारे चुकत होती. चूक म्हणजे नुसता बुद्धीचा अभाव नाही, चुकीलाही स्वतःची रचना असते, हा विचार इथे रुजला. बुद्धिमापनाच्या मुख्य प्रवाहाने मात्र तो उचलला नाही. तिथे उत्तर एक तर बरोबर किंवा चूक, आणि शेवटी हाती राहायचा तो एक आकडा.

त्या आकड्याच्या उत्साहात काय घडू शकते, याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण प्रिन्स्टनच्या कार्ल ब्रिगम यांचे आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातल्या सुमारे साडेसतरा लाख भरती जवानांच्या सामूहिक बुद्धिचाचण्या झाल्या. त्या आकड्यांवर ब्रिगम यांनी १९२३ मध्ये पुस्तक लिहिले आणि उत्तर युरोपीय वंश बुद्धीने श्रेष्ठ आहे, असा निष्कर्ष काढला. पण त्यांच्याच तक्त्यांत एक अडचण होती. स्थलांतरित अमेरिकेत जितकी जास्त वर्षे राहिलेला, तितके त्याचे गुण जास्त. वीस वर्षे राहिलेले तर तिथेच जन्मलेल्यांच्या बरोबरीला येत होते. कसोटी बुद्धी कमी आणि इंग्रजीची, अमेरिकी रीतीभातींची ओळख जास्त मोजते, हे यावरून उघड होते. ब्रिगम यांनी त्याच तक्त्याचा वेगळा अर्थ लावला: आधी आलेल्यांत उत्तर युरोपीय जास्त होते, नंतर हलक्या वंशाचे लोक येऊ लागले, म्हणून गुण उतरले. हा युक्तिवाद अडाणी माणसाला सुचला नसता. आपला निष्कर्ष मोडणारा पुरावा त्याच निष्कर्षाचा आधार करून दाखवायला चांगलीच बुद्धी लागते. १९२४ मध्ये अमेरिकेने स्थलांतरावर कडक राष्ट्रनिहाय कोटे लादले. त्या वातावरणाला या पुस्तकाने बळ दिले. १९३० मध्ये ब्रिगम यांनी आपले विश्लेषण निराधार होते, असे लेख लिहून स्पष्ट सांगितले. या दोन तारखांच्या मध्ये, १९२६ साली, त्यांच्याच देखरेखीखाली अमेरिकी महाविद्यालयांची प्रवेश परीक्षा सॅट सुरू झाली होती. या परीक्षेचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

अनुमानातला पक्षपात प्रयोगशाळेत मोजण्याचे काम कोलंबिया विद्यापीठात सुरू झाले. १९२८ मध्ये मिना विल्किन्स यांनी त्रिपदी अनुमाने चार प्रकारांत विद्यार्थ्यांपुढे ठेवली. रचना तीच ठेवून त्यांनी मजकूर बदलला: कुठे ओळखीच्या गोष्टी, कुठे नुसती अक्षरे, कुठे अनोळखी लांबलचक शब्द, आणि कुठे अशी ओळखीची विधाने की ज्यांचा खरेखोटेपणा तर्काच्या आड येईल. अक्षरांपेक्षा ओळखीच्या मजकुरात विद्यार्थी अधिक बरोबर ठरले, पण मजकूर समजुतींना चाळवणारा असला की हा फायदा कमी झाला. १९३५ मध्ये वुडवर्थ आणि सेल्स यांनी ‘वातावरणा’ची कल्पना मांडली: आधारविधाने ‘काही’, ‘कोणताही नाही’ अशा शब्दांनी जो सूर लावतात, त्याच सुरातला निष्कर्ष माणूस उचलतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युद्ध, राजकारण अशा पेटत्या विषयांवरची अनुमाने वापरली गेली आणि तिथे वैयक्तिक मताचा ओढा आणखी उघड दिसला.

या युद्धाच्या आधीच अगदी वेगळ्या ठिकाणी, उझबेकिस्तानच्या खेड्यांत, अलेक्सान्द्र लुरिया हेच प्रश्न विचारत होते. १९३१ आणि १९३२ च्या मोहिमांत त्यांनी निरक्षर शेतकऱ्यांना सांगितले की दूर उत्तरेला, जिथे बर्फ असते, तिथली सगळी अस्वले पांढरी असतात. नोवाया झेम्ल्या दूर उत्तरेला आहे. तर तिथली अस्वले कोणत्या रंगाची? अनेकांनी उत्तर द्यायचेच नाकारले. जे पाहिले नाही त्याबद्दल बोलायचे कसे, हा त्यांचा आक्षेप होता. थोडे शाळेत गेलेले लोक हेच प्रश्न सहज सोडवत. लुरिया यांची ही सामग्री छापून यायला १९७४ साल उजाडले, पण तिने एक गोष्ट कायमची दाखवून दिली. ऐकलेली विधाने काही काळापुरती खरी धरून, स्वतःच्या ज्ञानाला बाहेर बसवून विचार करणे ही शिकून येणारी रीत आहे. शाळा ती शिकवते.

भारतीय तर्कपरंपरा इथे बाजूला उभी राहून पाहण्यासारखी आहे. न्यायदर्शनात हेत्वाभासाचे, म्हणजे सदोष हेतूचे, जे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांत ‘बाधित’ हा एक आहे. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात त्याचे उदाहरण अग्नीचे आहे: अग्नी हे द्रव्य आहे एवढ्यावरून तो थंड असला पाहिजे, असे कोणी म्हटले तर ते अनुमान बाधित ठरते, कारण अग्नी उष्ण असल्याचे प्रत्यक्षाने आधीच कळलेले आहे. म्हणजे ज्ञात सत्याशी भिडणारा निष्कर्ष हा इथे अनुमानातलाच दोष आहे. पाश्चात्त्य प्रयोगशाळेत मात्र निष्कर्ष खोटा आहे म्हणून अनुमान नाकारणाऱ्या विद्यार्थ्याची चूक धरली जाते, कारण तिथे फक्त रचना तपासायची असते. नैयायिकाला सत्य हवे असते आणि प्रयोगकर्त्याला वैधता. लुरिया यांचे शेतकरी या हिशेबात नैयायिकाच्या जवळ बसतात. पक्षपात म्हणून जे मोजले जाते ते नेहमीच अविचार असते असे नाही, हे पुढचे आकडे वाचताना विसरून चालणार नाही.

१९६० नंतर या विद्येचे केंद्र लंडनला सरकले. युनिव्हर्सिटी कॉलेजचे पीटर वॅसन यांनी विद्यार्थ्यांना दोन, चार, सहा ही त्रयी दिली आणि ती ज्या नियमात बसते तो नियम शोधायला सांगितले. विद्यार्थ्याने स्वतःच्या त्रयी मांडायच्या, वॅसन ती नियमात बसते की नाही एवढेच सांगणार. नियम अगदी साधा होता: चढत्या क्रमाचे कोणतेही तीन आकडे. बहुतेकांनी ‘दोनाने वाढत जाणारे’ असा अंदाज बांधला आणि त्याच अंदाजात बसणाऱ्या त्रयी एकामागून एक तपासल्या. आपला अंदाज मोडेल अशी त्रयी मांडून पाहणारे थोडे होते. २९ जणांपैकी फक्त सहा जणांचे पहिलेच घोषित उत्तर बरोबर होते.

१९६६ मध्ये त्यांनी चार पत्त्यांचा प्रश्न मांडला. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला आकडा. समोर दिसतात ते एक स्वर, एक व्यंजन, एक सम आकडा आणि एक विषम आकडा. ‘एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम आकडा असतो’ हा नियम तपासायला कोणते पत्ते उलटावे? स्वर आणि विषम आकडा, हे उत्तर. नियम मोडला असल्याची खूण तिथेच सापडू शकते. सम आकड्याच्या पत्त्यामागे काहीही निघाले तरी नियम मोडत नाही. वॅसन आणि फिलिप जॉन्सन-लेअर्ड यांनी सुरुवातीच्या प्रयोगांची गोळाबेरीज केली तेव्हा १२८ जणांपैकी पाच जणांनी बरोबर जोडी निवडली होती. हे सगळे निवडक विद्यापीठांतले विद्यार्थी होते, आणि तरीही हे आकडे. १९८२ मध्ये फ्लोरिडात ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी हाच प्रश्न बिअर पिणाऱ्यांच्या वयाची अट तपासणाऱ्या पोलिसाच्या रूपात विचारला, तर ४० पैकी २९ जणांनी तो सोडवला. रचना तंतोतंत तीच होती. नियम मोडणारा शोधायचा आहे हे कळताच विद्यार्थी बरोबर पत्त्यांकडे वळले.

वॅसन यांचे विद्यार्थी जोनाथन इव्हान्स यांनी प्लिमथला बार्स्टन आणि पोलार्ड यांच्याबरोबर १९८३ मध्ये जो प्रयोग केला तो या विद्येचा मापदंड ठरला. निष्कर्ष वैध की अवैध आणि विश्वासार्ह की अविश्वसनीय, असे चार गट त्यांनी केले. वैध आणि विश्वासार्ह निष्कर्ष ८९ टक्के वेळा स्वीकारला गेला. वैध पण अविश्वसनीय ५६ टक्के. अवैध पण विश्वासार्ह तब्बल ७१ टक्के, आणि अवैध व अविश्वसनीय अवघा १० टक्के. तर्क आणि समजूत दोन्हींची छाप या आकड्यांत आहे. पण सर्वांत महत्त्वाची तफावत शेवटच्या दोन आकड्यांत दिसते. निष्कर्ष पटण्याजोगा नसेल तर माणूस युक्तिवाद तपासतो आणि त्यातली फट शोधून काढतो. निष्कर्ष मनाजोगता असेल तर तीच फट त्याला दिसत नाही. तपासण्याची कुवत दोन्ही वेळी त्याच्याकडे असते. एकदा तो ती वापरतो, एकदा वापरत नाही.

दरम्यान डॅनिएल कानेमान आणि अमोस ट्वेर्स्की यांचे संभाव्यतेवरचे काम जगभर पोचले होते. १९८३ च्या त्यांच्या प्रयोगात लिंडा नावाच्या काल्पनिक स्त्रीचे वर्णन होते: तल्लख, स्पष्टवक्ती, विद्यार्थिदशेत सामाजिक न्यायाच्या प्रश्नांत बुडालेली. ती बँकेत कारकून असण्याची शक्यता जास्त, की बँकेत कारकून असून स्त्रीवादी चळवळीत असण्याची? दुसरी शक्यता पहिलीच्या पोटातच असल्याने ती जास्त असू शकत नाही. तरी सुमारे ८५ टक्के लोकांनी दुसरी निवडली. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जोनाथन कोहेन यांनी १९८१ मध्येच अशा निष्कर्षांवर हरकत घेतली होती. तर्काची प्रमाणे शेवटी माणसांच्याच अंतर्ज्ञानातून येतात, मग माणसे मुळातच तर्कहीन आहेत हे प्रयोगाने सिद्ध होणार कसे, असा त्यांचा प्रश्न होता. एकीकडे माणूस चुकतो म्हणणारे आणि दुसरीकडे प्रयोगकर्ताच चुकतो म्हणणारे, असा हा वाद दोन दशके चालला.

या सगळ्या गदारोळात एक साधी गोष्ट राहून गेली होती. सरासरी उत्तर चुकीचे असले तरी प्रत्येक प्रयोगात काही जण बरोबर उत्तर देत होते. ते कोण होते? हे कोणी पद्धतशीर विचारले नाही, त्याला कारण होते. १९५७ मध्ये ली क्रॉनबॅक यांनी अमेरिकी मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात सांगितले होते की मानसशास्त्राच्या दोन शाखा एकमेकींशी बोलत नाहीत. प्रयोग करणारे माणसामाणसांतला फरक हा अडथळा समजतात, आणि हा फरकच मोजणारे प्रयोग करत नाहीत. अनुमानाचे संशोधक पहिल्या शाखेत होते आणि बुद्धिमापक दुसऱ्या.

ही दोन घराणी जोडली कॅनडाचे कीथ स्टॅनोविच आणि अमेरिकेतले रिचर्ड वेस्ट यांनी. स्टॅनोविच मूळचे वाचनविकारांचे अभ्यासक. बुद्ध्यंक चांगला असूनही मुलाला वाचता येत नाही, हे त्यांनी जवळून पाहिले होते. बुद्धी शाबूत असूनही विचार सरळ होत नाही, अशी अवस्था असू शकते, हे त्यांनी १९९३ मध्ये मांडले आणि तिला वाचनविकाराच्या धर्तीवर ‘डिस्रॅशनालिया’ हे नाव दिले. मग दोघांनी अनुमानाच्या जुन्या प्रयोगांचा गठ्ठाच विद्यार्थ्यांना सोडवायला दिला आणि त्यांच्या सॅटच्या गुणांशी ताडून पाहिला. सॅट म्हणजे ब्रिगम यांनी सुरू केलेली तीच परीक्षा. तिचे गुण सर्वसाधारण बुद्धीशी चांगले जुळतात म्हणून ते बुद्धीच्या जागी धरले जातात.

१९९८ आणि २००० साली आलेले निकाल कोहेन यांच्या बाजूच्यांना अडचणीचे होते. समजुतीशी झगडणाऱ्या त्रिपदी अनुमानांत जास्त गुणांचे विद्यार्थी जास्त वेळा बरोबर ठरले, आणि चार पत्त्यांच्या अमूर्त प्रश्नातही तेच दिसले. सहसंबंध साधारण ०.३ ते ०.५ च्या पट्ट्यात होता. प्रयोगकर्त्याचे प्रमाण उत्तरच चुकीचे असते तर ते देणारे इतके सातत्याने जास्त हुशार का निघाले असते? वयाची अट तपासण्याच्या रूपात मात्र हुशार आणि सामान्य यांच्यातला फरक बराच कमी झाला. जिथे रोजचा अनुभव आणि तर्क एकाच दिशेला ओढतात, तिथे बुद्धीला वेगळे कष्ट पडत नाहीत. जिथे ते विरुद्ध ओढतात तिथे ती लागते. स्टॅनोविच यांचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. सर्व सजीवांना पाणी लागते. गुलाबांना पाणी लागते. म्हणून गुलाब सजीव आहेत. सुमारे ७० टक्के विद्यार्थी हे वैध मानतात. सर्व कीटकांना प्राणवायू लागतो. उंदरांना प्राणवायू लागतो. म्हणून उंदीर कीटक आहेत, असे म्हटले की त्याच रचनेतला दोष चटकन दिसतो.

इथवर पाहिले तर हुशारी पक्षपात आवरते, असेच चित्र होते. पण ०.४ चा सहसंबंध म्हणजे बराच मोठा भाग बुद्धीच्या हिशेबाबाहेर राहतो. बुद्धी सारखी धरून पाहिले तरी ज्यांचा स्वभाव विरुद्ध पुरावा ऐकून घेण्याचा, मत बदलायला तयार असण्याचा होता, ते या अनुमानांत पुढे होते. चित्र खऱ्या अर्थाने पालटले ते २००७ आणि २००८ च्या प्रयोगांनी. आधीच्या प्रश्नांत एकाच विद्यार्थ्यासमोर दोन्ही बाजू असत, तर्क आणि समजूत यांचा झगडा समोर दिसत असे आणि समजूत बाजूला ठेवा, अशी सूचनाही असे. आता स्टॅनोविच आणि वेस्ट यांनी तो इशारा काढून घेतला. एका गटाला प्रश्नाचे एक रूप, दुसऱ्याला दुसरे. कोणत्याही विद्यार्थ्याला आपली कसली परीक्षा चालली आहे याची कल्पना नाही. लिंडाचा प्रश्न, सुचवलेल्या आकड्याकडे अंदाज ओढला जाण्याची सवय, शब्दांच्या मांडणीने निर्णय बदलणे, बुडालेल्या खर्चापायी पुढचा खर्च करत राहणे, या सर्वांत बुद्धी आणि पक्षपात यांचा संबंध जवळजवळ नाहीसा झाला. जास्त गुणांचे विद्यार्थी कमी गुणांच्या विद्यार्थ्यांइतकेच वाहवले.

त्यातला मोटारींचा प्रयोग सर्वांत स्पष्ट बोलतो. अमेरिकी विद्यार्थ्यांच्या एका गटाला सांगितले की एक जर्मन गाडी टक्कर झाल्यास समोरच्या गाडीतल्यांचा जीव घेण्याची शक्यता नेहमीच्या मोटारीपेक्षा आठपट आहे. अमेरिकेने तिच्यावर बंदी घालावी का? सुमारे ७८ टक्के हो म्हणाले. दुसऱ्या गटाला तोच आकडा फोर्ड एक्सप्लोरर या अमेरिकी गाडीबद्दल सांगितला आणि जर्मनीने तिच्यावर बंदी घालावी का, असे विचारले. आता सुमारे ५१ टक्केच हो म्हणाले. हा आपल्या बाजूकडचा कल, ज्याला स्वपक्षपात म्हणता येईल, जास्त आणि कमी सॅट गुणांच्या विद्यार्थ्यांत सारखाच भरला. डेव्हिड पर्किन्स यांना १९८० च्या दशकातच याची चाहूल लागली होती. वादग्रस्त विषयांवर लोकांकडून कारणे मागितली असता जास्त बुद्ध्यंकाच्या लोकांनी स्वतःच्या बाजूची कारणे जास्त दिली, विरुद्ध बाजूची नाही. बिने यांचा चुंबक आणि ब्रिगम यांचा तक्ता आठवला की हा निकाल नवा वाटत नाही. २०१२ मध्ये वेस्ट, मेसर्व्ह आणि स्टॅनोविच यांनी आणखी एक कडू गोष्ट दाखवली: इतरांत पक्षपात दिसणे आणि स्वतःत न दिसणे, हा आंधळेपणा हुशार लोकांत कमी नव्हता, असलाच तर किंचित जास्त होता.

याच्याही पुढचे पाऊल डॅन काहान आणि सहकाऱ्यांनी टाकले. १,१११ अमेरिकी प्रौढांना त्यांनी एक आकड्यांचा तक्ता दिला. काहींना तो त्वचेच्या मलमाचा म्हणून, काहींना बंदूकबंदी आणि गुन्ह्यांचा म्हणून. मलमाच्या तक्त्यात आकडेमोडीत तरबेज लोक बरोबर उत्तरापर्यंत पोचले. बंदुकांच्या तक्त्यात तेच लोक राजकीय बाजूंनुसार सर्वांत जास्त दुभंगले. या निकालाचा खूप गवगवा झाला. पण २०२१ मध्ये स्वीडिश संशोधकांनी आधी आराखडा नोंदवून हा प्रयोग पुन्हा केला तेव्हा पक्षपात दिसला, आकडेमोडीच्या कौशल्याबरोबर तो वाढतो हा भाग मात्र दिसला नाही. म्हणून हुशारी पक्षपात वाढवते, असे ठामपणे म्हणणे आजच्या पुराव्यापुढे धावणे होईल. ती स्वपक्षपात कमी करत नाही, एवढे विधान मात्र टिकून आहे.

स्टॅनोविच यांचा खुलासा असा: बुद्धिमापन कसोटी माणसाची कमाल क्षमता मोजते. प्रश्न मांडून दिलेला असतो, नीट विचार करा असे सांगितलेले असते, वेळ नेमलेली असते. आयुष्यातल्या अनुमानांना अशी घंटा नसते. इथे थांबून तपासायला हवे, हे आधी जाणवावे लागते. मग संभाव्यतेचे किंवा तर्काचे जे नियम लागतात ते शिकलेले असावे लागतात, आणि तिसऱ्या टप्प्यावर पहिले सुचलेले उत्तर दाबून धरण्याची ताकद लागते. बुद्ध्यंक या तिसऱ्या टप्प्याला चांगला उपयोगी पडतो. पहिल्या टप्प्याचे मोजमाप बुद्धिमापनात कुठेच नाही. २००९ मध्ये बुद्धिचाचण्यांतून काय निसटते, यावर त्यांनी पुस्तक लिहिले आणि २०१६ मध्ये वेस्ट आणि मॅगी टोपलॅक यांच्यासह विवेकशीलतेची स्वतंत्र कसोटी बांधली.

पहिल्या टप्प्याची एक छोटी चाचणी शेन फ्रेडरिक यांनी २००५ मध्ये दिली होती. बॅट आणि चेंडू मिळून १ डॉलर १० सेंट. बॅट चेंडूपेक्षा १ डॉलरने महाग. तर चेंडू केवढ्याला? ओठांवर येते ते दहा सेंट. बरोबर उत्तर पाच. अशा तीन प्रश्नांवर ३,४२८ जणांची सरासरी १.२४ आली. एमआयटीच्या विद्यार्थ्यांची २.१८ होती, म्हणजे अव्वल तंत्रशिक्षण संस्थेतही ती पूर्ण तीनपर्यंत पोचली नाही.

हुशार माणूस पहिले चुकीचे उत्तर दाबून बरोबर उत्तराकडे जातो, असे अनेक वर्षे गृहीत धरले गेले. अलीकडे हेही तपासले गेले. पॅरिसमध्ये विम दे नेस आणि सहकारी लोकांना आधी वेळेच्या कडक मर्यादेत आणि डोक्यावर दुसरे ओझे असताना, सुचेल ते पहिले उत्तर द्यायला लावतात, मग त्याच प्रश्नावर सावकाश विचार करू देतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात जास्त बुद्धिमत्तेचे लोक बहुतेक वेळा पहिल्या, झटपट उत्तरातच बरोबर होते. आधी चुकून नंतर सुधारणारे त्यांच्या मानाने थोडे होते. म्हणजे तर्काचे साधे नियम सरावाने इतके मुरतात की तेच अंतर्ज्ञान बनते. साल्पेत्रिएरच्या दालनात बिने यांना जे जमले नाही, ते आधी कमावून ठेवायचे असते. सूचनावशतेवरच्या ग्रंथासाठी शाळेतल्या मुलांवर प्रयोग करताना ते प्रत्येक शब्द आणि प्रत्येक सूर जपून वापरत होते. चुंबकाच्या खोलीत तीच खबरदारी घ्यायची राहून गेली होती.